शनिवारचा ओढा

तो गुडघाभर पाण्यात वाकून एकेक दगड उलटा करून पाहत होता. नीलांबरीला वाटलं, बिचाऱ्याचं काहीतरी पडलंय.

"काही हरवलंय का?" तिने काठावरून मराठीतच विचारलं. मोरेश्वर काकांच्या शनिवारच्या मंडळींत मराठीशिवाय दुसरं कोण असणार?

"माझं नाही," मान वर न करता तो म्हणाला. "एकाचं घर शोधतोय."

२००६ सालचा जून महिना होता. सिॲटलच्या पूर्वेला, नॉर्थ बेंड गावाच्या वर, डोंगरातल्या बर्फाचं पाणी घेऊन येणारा तो ओढा. ऊन होतं, पण ते पाण्यापर्यंत पोचत नव्हतं. वरच्या वर सीडरच्या फांद्यांत अडकून राहत होतं.

"हं... सापडलं." त्याने एक चपटा दगड तिच्यासमोर धरला. दगडाच्या पोटाला वाळूच्या कणांची एक इवलीशी नळी चिकटलेली होती, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. "ही कॅडिस नावाच्या किड्याची अळी. कण कण जमवून घर बांधते आणि आत राहते. ट्राउट मासे हीच खातात. काका म्हणतात, पाहुणा काय जेवतो ते आधी बघा, मग आमंत्रण द्या."

नीलांबरी बुटांसकट पाण्यात उतरली. गारव्याने तिचा श्वासच अडकला, पण तिने दगड हातात घेतला आणि नाकाजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"पाण्यात राहून कण चिकटवते... ओल्यावर चिकटणारं रेशीम असणार हिच्याकडे. आम्हाला लॅबमध्ये अजून जमत नाही."

"सायन्सवाल्या दिसता."

"प्रोटीन केमिस्ट. बॉथेलला असते. तुम्ही?"

"कॉम्प्युटरवाला. माफ करा."

"त्यात माफी कसली?"

"नाही, इथे सगळेच तसे असतात. ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. म्हटलं, आधीच मागून टाकावी."

ती हसली. तोही हसला – एका गालाने थोडं आधी, दुसऱ्याने थोडं नंतर. त्याचं नाव सौमित्र. घर नागपूरचं, नोकरी रेडमंडला, वय छत्तीस. एवढं सगळं तिला पुढच्या पाच मिनिटांत समजलं; कारण काकांच्या पत्नी रेखा काकू काठावर सतरंजी पसरता पसरता त्याची माहिती मोठ्या आवाजात पुरवत होत्या.

"उंची पाच फूट दहा," काकू म्हणाल्या.

सौमित्र दचकला. "काकू, मासे पकडायला बोलावलंत ना?"

"मग? मासेच पकडायचेत. मी कुठे काय म्हणतेय?"

"नीलांबरी," तो हळूच म्हणाला, "मला वाटतं, हा कार्यक्रम आहे."

"अहो, नाही हो. कार्यक्रम असता तर पोहे असते."

काकूंनी डब्याचं झाकण उघडलं. पोहे होते. वर ओलं खोबरंसुद्धा होतं.

दोघं एकमेकांकडे पाहून असे हसत सुटले की वरच्या वळणावर उभे असलेले काका ओरडले, "आवाज! अरे, मासे ऐकतात!"

मोरेश्वर काका सत्तरच्या दशकात इथे आलेले हाडांचे डॉक्टर. रिटायर झाल्यावर त्यांनी महाराष्ट्र मंडळातल्या नवख्यांना ट्राउट पकडायला शिकवायचं मनावर घेतलं होतं. बायको पक्की शाकाहारी, त्यामुळे पकडलेला प्रत्येक मासा सोडून द्यायचा हा नियम. गळाला उलटा काटाही नसायचा, म्हणजे माशाच्या तोंडातून तो अलगद निघे. "तीस वर्षं मासेमारी करतोय," काका अभिमानाने सांगत, "आणि घरात एक खवला आणलेला नाही."

त्यांचे धडे मात्र कडक. सावली पाण्यात पडू द्यायची नाही. पाय आपटायचे नाहीत. पळतं पाणी आणि संथ पाणी जिथे शेजारी शेजारी वाहतात, त्या सीमेवर गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी टाकायची. "मासा संथ पाण्यात बसतो आणि पळतं पाणी त्याला जेवण आणून देतं."

"रिटायर्ड डॉक्टरसारखा," काकू म्हणाल्या.

आणि हात लावण्याआधी हात ओले करायचे. मुंबईच्या विक्रमने त्याचा पहिला मासा स्वच्छ नॅपकिनमध्ये मायेने गुंडाळून धरला, तेव्हा काका भडकलेच. "अरे, पुसून काढलंस त्याचं अंग! त्या बुळबुळीत थरावर तो जगतो. आता ऐटीत पोहत जाईल, तुला वाटेल सोडला, वाचला. चार दिवसांनी बुरशी लागून मरेल. मायेनेच मारता तुम्ही लोक!"

विक्रमचा चेहरा इतका पडला की काकूंनी त्याला पोह्यांची दुसरी बशी दिली.

*

पुढच्या शनिवारपासून सौमित्र तिला न्यायला येऊ लागला.

"बॉथेल वाटेतच लागतं," त्याने पहिल्यांदा सांगितलं.

"कुठल्या वाटेत? रेडमंडहून उलट्या दिशेला आहे ते."

"मला नकाशा नीट वाचता येत नाही."

"नकाशांचंच सॉफ्टवेअर लिहितोस ना?"

"म्हणून तर लोक हरवतात, यार."

'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. की आलं होतं, आणि कोणी बोललं नाही...

त्याचा तो ओढ्यावरचा दुसरा उन्हाळा होता, म्हणून तो तिचा गुरू. तिच्या मागे उभा राहून, तिचं मनगट धरून तो रॉड मागे न्यायला शिकवी. "मनगट मोडू नको. घड्याळात दोन वाजलेत असं समज, तिथे अडव. मग पुढे दहावर आण."

"आणि मध्ये?"

"मध्ये थांबायचं. दोर मागे पूर्ण सरळ होईपर्यंत. सगळे तिथेच चुकतात. थांबवत नाही कोणाला."

"मला थांबता येतं."

"मलाही," तो तिच्या कानाशी म्हणाला. "जूनपासून थांबलोय."

दोर पुढे गेला आणि सरळ समोरच्या झुडपात अडकला. काठावरून काकू टाळ्या वाजवायला लागल्या – दोरासाठी की कशासाठी, देव जाणे.

जुलैत तिला पहिला मासा लागला. वीतभर लांब, गळ्याखाली शेंदराची रेघ ओढल्यासारखा. तिने हात पाण्यात बुडवले, ओल्या ओंजळीत त्याला क्षणभर धरलं. तो ओंजळीतून गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि का, ते तिला सांगता येईना. सौमित्रने विचारलं नाही. परत चालताना त्याने तिचा गारठलेला हात आपल्या हातात घेतला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

नीलांबरी तेहतीस वर्षांची होती. आयुष्यात तिने बऱ्याच गोष्टी नीट मोजूनमापून केल्या होत्या. या एका गोष्टीचं माप तिला घ्यावंसंच वाटलं नाही.

*

ऑगस्टमधल्या एका शनिवारी बारीक पाऊस लागला. सगळे झाडांखाली उभे राहिले. ओलं झालेलं सीडरचं खोड, भिजलेलं शेवाळं, काकूंच्या थर्मासमधला आल्याचा चहा... नीलांबरीने डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"काय वास येतोय बघ."

"कसला?" सौमित्र म्हणाला.

"सीडरचा. आल्याचा."

त्याने हुंगलं. "मला काही येत नाही. सर्दी असेल."

"कधीपासून?"

"असेल दोनेक वर्षं." तो हसला. "काकूंचा हिंगसुद्धा येत नाही मला. वरदानच आहे, बे."

ती हसली नाही. काहीतरी आत टोचलं, पण काय, ते कळायला तिला पाऊस थांबेपर्यंत वेळ लागला. मग सगळे वरच्या डोहाकडे निघाले. पायवाट अरुंद होती, म्हणून ती त्याच्या मागून चालत होती. त्याचा डावा हात चालीबरोबर पुढे-मागे होत होता. उजवा होत नव्हता. तो नुसता बाजूला होता, कोणीतरी त्याच्या हवाली केलेल्या वस्तूसारखा, आणि अंगठा तर्जनीवर हळू हळू फिरत होता.

नीलांबरीची कंपनी कंपवातावरचं औषध शोधत होती. तिचं काम प्रोटीनचं, पण दर महिन्याला सगळ्यांनी बसून रुग्णांच्या चालण्याचे व्हिडिओ पाहायचे, कशासाठी राबतोय ते कळावं म्हणून. ती ते लक्ष देऊन पाही. वास न येणं ही कितीदा या आजाराची सुरुवात असते, हेही तिने तिथेच ऐकलं होतं. न झुलणारा हात तिने इतक्या वेळा पाहिला होता की आता तिला तो पाहायचा नव्हता तरी दिसला.

त्या दिवसापासून सगळंच दिसू लागलं. गाठ मारताना तो बारीक दोर तीनदा निसटतो. रॉड पुढे आणताना मध्येच अडतो. "खांदा आखडलाय," तो म्हणायचा. "फिजिओथेरपी चालू आहे. म्हातारा झालो, दुसरं काय!" एका गालाने आधी आणि दुसऱ्याने नंतर येणारं ते हसू – ज्यावर ती भाळली होती – तेही तिने मनात ठेवून पुन्हा पुन्हा पाहिलं. तिला स्वतःचा राग आला.

कदाचित खांदाच असेल. ती डॉक्टर नव्हती. पण असेलच तर ते त्याला कळायला हवं होतं, आणि तिच्याकडून कळायला हवं होतं. हळू, हात हातात घेऊन. आणि कळल्यावरही तो तिचा राहायला हवा होता. बस, एवढंच तिला हवं होतं. यातलं काहीएक कमी नको होतं.

चुकीचं बोलून त्याला उगाच घाबरवू नये म्हणून ती आधी काकांकडे गेली. काका मागच्या अंगणात रीळ उघडून साफ करत बसले होते. तिचं बोलणं ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"मीही पाहिलंय," ते म्हणाले. "म्हटलं, आपण हाडांचे डॉक्टर, त्यातून म्हातारे... उगाच शंका कशाला. पण तूही म्हणतेस." त्यांनी चष्मा काढून पुसला. "शनिवारी ओढ्यावर दोघं मिळून सांगू त्याला. मी न्यूरॉलॉजिस्टचं नाव काढून ठेवतो. तोवर कोणाला बोलू नको."

काका स्वतः मात्र बोलले. बायकोला न सांगता त्यांनी आयुष्यात काही केलेलं नव्हतं.

रेखा काकूंनी फोनची वही काढली. स्थळ त्यांनी जुळवलेलं. मुलगी त्यांच्या भरवशावर आलेली. आपल्याकडे लग्नाआधी घराण्याची चौकशी करतातच. त्यांनी न्यू जर्सीत, एडिसनला, सौमित्रच्या रत्ना मावशीला फोन लावला. "काही नाही हो, सहजच. तुमच्याकडे हात थरथरण्याचं वगैरे कोणाला आहे का? नाही, मुलगी जरा... हुशार आहे ना, तिच्या लक्षात आलं." ओक ट्री रोडवरच्या वाण्याच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या रत्ना मावशीने ते ऐकलं, पिशव्या तशाच गाडीत टाकल्या आणि नागपूरला बहिणीला फोन केला.

बॉथेलहून निघाला तेव्हा तो एक प्रश्न होता. एडिसनला पोचेपर्यंत त्याची शंका झाली, आणि नागपूरला उतरला तो नकार होऊन.

*

शनिवार उजाडायच्या आधी, गुरुवारी दुपारी सौमित्रचा फोन आला. ती लॅबमध्ये होती.

"नीला," तो म्हणाला. "मला कंपवात आहे का?"

तिच्या हातातली काचेची नळी तिने जपून स्टँडमध्ये ठेवली. "कोण म्हणालं?"

"आई. रडत होती. म्हणाली, मुलीने तुला नाकारलं, तुला कंपवात आहे म्हणून. मी म्हटलं, आई, आमच्यात अजून विचारायचंच राहिलंय, नाकारणार कसली?" त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "मग म्हणाली, हात पुढे कर आणि बघ. मी बघितला. आहे गं... हलतोय. मी रोज बघतोच की हा हात. मला कसं दिसलं नाही?"

"सौमित्र, मी नाकारलेलं नाही. मी फक्त काकांना..."

"तुला कधी दिसलं?"

"ऑगस्टमध्ये. पाऊस होता त्या दिवशी."

"तुझा हात मी धरला होता, ते त्याच्या आधी की नंतर?"

"आधी. महिनाभर आधी. शपथ."

त्याच्या मागे ऑफिसमधलं कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

"तू काकांना विचारलंस," तो अखेर म्हणाला. "काकूंना कळलं. एडिसनला कळलं. आईला कळलं. माझ्या आजाराची बातमी मला सगळ्यांत शेवटी आली, नीला. आणि तीही माझं लग्न मोडल्याची बातमी म्हणून."

फोन बंद झाल्यावरही ती तो कानाशी धरून उभी राहिली.

त्या शनिवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. तिचे फोन वाजत राहत आणि बंद होत. एका संध्याकाळी रेखा काकू डबा घेऊन तिच्या दारात आल्या आणि चपला न काढताच रडू लागल्या. "मी फक्त विचारलं गं. आपल्यात विचारतातच ना... माझ्या मनात काही वाईट असतं तर..." नीलांबरीला रागावता आलं नाही. तिनेही फक्त विचारलंच होतं. तिने काकूंना आत घेतलं, चहा केला, आणि दोघी तो न पिता बसून राहिल्या.

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी सकाळी फोन आला. लांबच्या लाइनचा खरखराट, मग एक थकलेला बायकी आवाज.

"नीलांबरी काय? मी सौमित्रची आई बोलते, नागपूरहून. रत्नाकडून नंबर घेतला. रागवू नको, पोरी. पण तू काहून नाही म्हटलं?"

"काकू, मी नाही म्हटलेलं नाही."

"मंग हो म्हटलं?"

"मला कोणी विचारलंच नाही."



"बरं," आई म्हणाल्या, "मंग मी विचारते. त्याच्या बापाने मला विचारलं नव्हतं, त्याच्या आजीनेच विचारलं होतं. मोठ्या माणसानं विचारलेलं चालते. काय झालं ते तुला ठाऊक आहे, पुढं काय होईल तेही माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक. सांग. माझा मुलगा तुला चालेल का?"

नीलांबरी खिडकीशी उभी होती. खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीवरची पानं झाडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती प्रेमाची कबुली देत होती, आणि ती एका न पाहिलेल्या म्हाताऱ्या बाईला, बारा हजार किलोमीटरवर.

"हो, काकू," ती म्हणाली. "मला तोच हवाय."

आई रडू लागल्या. मग म्हणाल्या, "त्याला सांगते," आणि घाईघाईने फोन ठेवला, जणू आणखी बोललं तर उत्तर बदलेल.

*

ऑक्टोबरच्या शेवटी ओढ्यावरचा मोसम संपतो. शेवटच्या शनिवारी काकांचा निरोप आला: सौमित्र येतोय, तूही ये.

मेपलची मोठाली पिवळी पानं पाण्यावरून वाहत होती. काका-काकू खाली रस्त्यावर गाडीतच बसून राहिले, दोघंही समोरच्या काचेतून मुद्दाम भलतीकडे पाहत. नीलांबरी वर आली तेव्हा तो एका खडकावर बसलेला होता. रॉड आणलेला नव्हता. तिला पाहून तो उठला, आणि मग, तिच्याकडे पाहता पाहता, त्याचा चेहरा बदलला. उमेदीने वर आलेलं काहीतरी खाली बसावं तसा.

"बस ना," तो म्हणाला.

ती बसली. दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

"न्यूरॉलॉजिस्ट बाई छान होत्या," तो सांगू लागला. "मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली. शेवटी म्हणाल्या, इतक्या लवकर कोणी ओळखलं हे? मी म्हटलं, माझ्या... आणि पुढे शब्दच सापडेना. मैत्रिणीने म्हणू? मला नाकारणाऱ्या मुलीने म्हणू?" तो थोडं हसला. "गोळ्या चालू केल्यात. काही वर्षं बरी जातील म्हणतात."

"खूप वर्षं. तुझं वय लहान आहे, आणि सुरुवात एकाच बाजूने..." ती थांबली.

"बोल ना. तुला माहीत आहे सगळं."

"नाही. आज नाही बोलत."

पाण्यात एक मासा उसळला. दोघांनी तिकडे पाहिलं. वलयं विरेपर्यंत पाहत राहिले.

"तू आईला हो म्हणालीस," तो म्हणाला.

"तू विचारलं नव्हतंस."

"आज विचारणार होतो. खरंच. गाडीत पाठ करत आलो. नागपूरच्या पोरांना असलं गोड बोलता येत नाही, म्हणून दोनदा केलं पाठ."

"मग विचार."

त्याने मान हलवली. "तू आत्ता वर आलीस ना, वळणावरून... मी उठलो. तू माझ्याकडे पाहिलंस. आधी हाताकडे पाहिलंस, नीला. मग तोंडाकडे."

तिला नाही म्हणायचं होतं. पण ती खोटं बोलणारी नव्हती, आणि ते तसंच झालं होतं.

"पुन्हा नाही बघणार," ती म्हणाली.

"बघशील. तुझा दोष नाही त्यात. तुझं प्रेमच तसं आहे. कोणी आवडलं की तू त्याला नीट बघतेस. मला असं कोणीच बघितलं नव्हतं आजवर. त्यावरच तर भाळलो मी. पण आता सकाळी चहाचा कप उचलला, की तो कालच्यापेक्षा जास्त हलतोय की कमी, ते तुला कळेल. तू बोलणार नाहीस. पण तुझ्या चेहऱ्यावर येईल, आणि मी वाचेन. रोज. मला माझा आजार तुझ्या चेहऱ्यावर वाचायचा नाही. तिथे मला दुसरं काही बघायचंय."

"आणि माझं काय?" तिचा आवाज चढला. "मला विचारशील की हेही तू एकट्यानेच ठरवणार? मी काकांना विचारलं, तुला नाही – ती माझी चूक होती. आता तू तेच करतोयस. मला तू हवा आहेस. थरथरणारा हवाय. अडखळणारा हवाय. मी शिकेन न बघायला. सगळं शिकले, हेही शिकेन."

त्याचा अंगठा तर्जनीवर फिरू लागला. त्याने तो हात दुसऱ्या हाताने झाकला, आणि झाकता झाकता वर पाहिलं.

तिची नजर तिथेच होती.

दोघांनाही ते कळलं. तिने ओठ दाताखाली दाबला. तो रागावला नाही. उलट त्याच्या डोळ्यांत इतकी माया आली की तिला ती सोसवेना.

"हैदराबादच्या ऑफिसात बदली मागितली होती," तो हळू म्हणाला. "मिळाली. तिथून आई जवळ. तिला मोतीबिंदू आहे, तिला काही दिसत नाही. बरं आहे ते."

"केव्हा?"

"पुढच्या महिन्यात."

तिने मान डोलावली. आणखी काय करणार?

"एक सांगू?" तो म्हणाला. "हे तरी मी स्वतः सांगतो, एडिसनमार्गे नको. मला तू फार आवडतेस. दगड हातात घेऊन पाण्यात उभी राहिलीस ना बुटांसकट, तेव्हापासून. यात काही बदललेलं नाही, आणि मला वाटत नाही बदलेल."

तिला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं – खरंच आखडलेला होता तो खांदा – आणि दोघं तसेच बसून राहिले. पिवळी पानं जात राहिली. एखादं दगडाशी अडकायचं, गिरकी घ्यायचं, सुटायचं.

मग तो उठला. "माझं एक ऐकशील? मी खाली जाईन ना, तेव्हा बघू नकोस. एकदा तरी मला तुझ्यासमोरून नुसतं चालत जाऊ दे."

"नाही बघणार."

ती उठली आणि ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली. मागे गोट्यांवर पावलं वाजली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले. तरी ऐकू येतच होतं – डावं पाऊल नीट पडत होतं... उजवं किंचित घासत येत होतं. उन्हाळ्यात घासत नव्हतं.

शब्द नीट पाळायला हवा होता. ती बुटांसकट पाण्यात शिरली आणि दगड धरत धरत पुढे गेली, ओढा खडकांवरून सगळ्यात जास्त आवाज करत खाली उतरतो तिथपर्यंत. आणि पाण्याशिवाय काहीच ऐकू येईनासं होईपर्यंत तिथे उभी राहिली.